हेल्मेटमधल्या चिठ्ठ्या

पुण्याच्या रेसकोर्सवर घोडे फिरवून दाखवले जात होते, पण पैजेच्या खिडक्यांसमोर चिटपाखरू नव्हतं. कोणता घोडा जिंकणार हे हल्ली प्रत्येकाचा फोन सकाळीच सांगायचा आणि कधी चुकायचा नाही. सगळेच त्या एका घोड्यावर पैसे लावणार, मग जिंकून मिळणार काय?

“पैज नाही तर सरकारला कर नाही,” करखात्याचे मोघे म्हणाले. “आजही खिडकी रिकामी राहिली, तर उद्यापासून मैदानाला कुलूप.”

“नाही राहायची,” जॉकी मृदुला खानविलकर म्हणाली. तिने हेल्मेट उलटं धरलं आणि त्यात घोड्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. “पंचांची परवानगी आहे. पैजा लागल्या की आम्ही चिठ्ठ्या उचलणार. ज्याला जो घोडा येईल, त्याने त्यावर बसायचं.”

तशी घोषणा झाली. लोकांनी फोन काढले. कुठल्या घोड्यावर कोण बसणार तेच ठरलेलं नव्हतं, त्यामुळे फोनवर नाव येईना. एक आजोबा उठून खिडकीशी गेले आणि बघता बघता रांग फाटकापर्यंत पोचली.

मोघ्यांना राहवेना. ते हळूच म्हणाले, “मृदुलाताई, जिंकणार कोण?”

“ते कळलं असतं साहेब, तर तुमचा कर कोणी भरला असता?”