वेट्टियसची मुलगी

"मुलगी की माल?" टोलनाक्यावरच्या डामानं विचारलं.

वेट्टियसनं लगाम खेचले. गाडीवर त्याच्या शेजारी नऊ-दहा वर्षांची पोर बसली होती. अंगात नवंकोरं वस्त्र, गळ्यात चंद्रकोरीचा ताईत, रोमन नागरिकांच्या लेकी घालतात तसा. दोन्ही तिला मोठीच होत होती.

"दासीला काय पडतं?"

"दहा दिनार." खरा दर चारच होता.

"टोल घेता की दरोडा घालता?"

"रस्ता सिनेटनं विकला, मी नाही. आणि मी तर रस्त्याच्या मालकाचा गुलाम. माझ्याशी काय भांडता?"

सिनेटनं रस्ते सावकारांना विकले, तेव्हापासून माणसं बायकोपुढंही बोलणार नाहीत इतकं खोटं नाक्यावर बोलत. मालकांनी वैतागून कायदाच करून घेतला: नाक्यावर सांगून तिथल्या पाटीवर अंगठीचा शिक्का उठवला की ते सगळ्या रोमन मुलखात खरं. दासीला लेक म्हटलं की ती त्या क्षणी स्वतंत्र. कुठल्याच बाजारात तिला विकता येत नाही. आणि पाटीवर ज्याचं नाव, तोच तिचा बाप, जन्मभर. वेट्टियससारख्या सिसिलीहून येणाऱ्या नवख्या गुलाम-दलालांना हे ठाऊक नसे. डामाही सांगत नसे.

"आणि लेकीला?"

"फुकट."

"मग लेकच आहे की. डोळे बघ तिचे, हुबेहूब माझे."

पहारेकरी सिलोनं हसू दाबायला पाठ फिरवली.

पोर मात्र डामाकडेच टक लावून बघत होती.

"माझ्याकडे काय बघतेस?" डामा खेकसला. "तिकडे बघ. हा तुझा बाप ना?"

तिची नजर हलली नाही.

"मुकी आहे का हो?" सिलोनं विचारलं.

"लाजरी आहे. आईवर गेलीय," वेट्टियस म्हणाला.

डामानं मेणाची पाटी गुडघ्यावर घेतली. "एकदाच विचारतो, पोरी. नीट सांग. बाप कोण तुझा?"

तिनं हात उचलून वेट्टियसकडे दाखवलं, आणि रडू लागली.

"घाबरवलंस ना लेकराला," म्हणत वेट्टियसनं शिक्का उठवला.

आडकाठी वर गेली. रस्त्याकडेच्या थडग्यांच्या रांगेत गाडी दिसेनाशी झाली, तरी डामा उभाच. मागच्या गाडीवानांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या.

सिलोनं पाटी उचलून वाचली.

"आणखी एक सोडवलीस म्हणायची. पण काय रे, तिचं नाव तू विचारलंच नाहीस. हे कुठून आणलंस?"

"मीच ठेवलं होतं," डामा म्हणाला.