हुमणी

नॉर्बर्टनं वाळक्या गवताची मूठ धरून ओढली, तसा सतरंजीची कड उचलावी इतक्या अलगद हातभर तुकडा वर आला. खाली मुळंच नव्हती.

होत्या त्या अळ्या. पांढऱ्या, गुबगुबीत, मुटकुळं करून पडलेल्या; डोकं तेवढं तपकिरी. गवताची मुळं खाणारी हुमणी. त्यानं दुसरीकडे ओढून पाहिलं, फाटकाजवळ पाहिलं. सगळीकडे तेच.

तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. उन्हाळा सरता सरता हिरवळीवर डाग पडायला लागले, तेव्हा त्यानं सगळं खापर शेजारच्या ग्लेनाच्या कुत्र्यावर फोडलं होतं. कुंपणावरून ओरडला होता, नगर कचेरीत तक्रारही केली होती. शेवटी ग्लेनानं आपला म्हातारा कुत्रा, ऑटो, डेटन गावातल्या एका कुटुंबाला देऊन टाकला. डाग मात्र पसरतच राहिले.

गवताचा तो तुकडा हातात घेऊनच नॉर्बर्ट तिच्या दारात गेला. बेल वाजवली. आतून भुंकणं आलं नाही.

"हे बघ," दार उघडल्यावर तो म्हणाला. "ऑटोनं काही केलं नव्हतं."

ग्लेनानं अळ्यांकडे पाहिलं. "मी सांगत होते तुला. कुत्रं मुततं तिथं डागाच्या कडेनं गवत उलट हिरवंगार होतं. तुझ्याकडे होतं का कुठं तसं?"

"चुकलं माझं."

ग्लेनानं उंबऱ्यावर पडलेली एक अळी पायानं बाहेर लोटली.

"मी गाडी काढतो. आत्ता निघू. डेटन काही लांब नाही, संध्याकाळच्या आत घेऊन येऊ त्याला."

"त्या घरात तीन लेकरं आहेत, नॉर्बर्ट. धाकटी त्याला कुशीत घेऊन झोपते."

"मी बोलतो त्यांच्याशी. सांगतो, माझीच चूक झाली म्हणून."

"त्यांनी त्याचं नाव बदललंय," ग्लेना म्हणाली. "कॅप्टन म्हणतात त्याला."

तुकड्यातली माती तिच्या पायपुसण्यावर सांडत होती. नॉर्बर्टनं तो दोन्ही हातांनी सावरून धरला.

"अकरा वर्षं ऑटो होता तो," तो चाचरत म्हणाला. "नव्या नावाला ओ तरी देतो का?"

ग्लेनाचा हात दाराच्या कडीवर होता.

"पहिल्या हाकेला," ती म्हणाली.