रिकामं मशीन

बाबांच्या अस्थी अजून गोळा करायच्या होत्या, आणि कंपनीचा माणूस भाड्याचं ऑक्सिजन मशीन न्यायला आला.

“एक दिवस थांबलात तर कंपनी बुडेल का?” मी विचारलं.

“ताई, मशीन रिकामं राहिलं की तोटा, असं साहेब म्हणतात.” त्याने नळी गुंडाळली. “तुमच्याकडे आणलं, तेही असंच एका घरातून उचलून.”

मशीनच्या हँडलला पहिल्यापासून एक काळा दोरा होता. तो कोणी बांधला, हे मी कधी विचारलं नव्हतं. बाबांना श्वास मिळत होता.

“आता कुठे नेताय?”

“एक आजी आहेत. फार धाप लागलीय.”

आईने मशीनला लावलेला अंगारा पुसायला घेतलेलं फडकं मी खाली ठेवलं.

“मग उभे काय राहिलात? जा ना लवकर!” मी त्याच्यावरच ओरडले.