शिल्लक अंक

मालनबाई दारात येऊन उभी राहिली, तेव्हा गोपीचंद मोबाइलवर जाहिरात चढवत होता. बाबूलालसेठच्या गिट्टी खदानीची. त्यानं घाईनं मोबाइल पालथा ठेवला.

"या बाई. नाकाडोंगरीहून आल्या? बसा."

ती बसली नाही. "भाऊ, विनोदच्या बापाची बातमी तुमी छापली होती. तो पेपर हाय का तुमच्यापाशी?"

विनोदचा बाप म्हणजे तिचा नवरा चिंधू. खदानीचा कडा ढासळून त्याखाली गेला. 'तो आमचा मजूरच नव्हता,' म्हणून बाबूलालसेठनं हात झटकले, तेव्हा गोपीचंदच्या 'पांधन' साप्ताहिकानं पहिल्या पानावर सोबतच्या मजुरांचं म्हणणं छापलं होतं, नावानिशी. तुमसरच्या बसस्टँडवर अंक हातोहात खपला होता.

मग कोरोना आला. वर्गणीदार गळाले, कागद महागला, 'पांधन' मोबाइलवर गेलं. वाचक वाढले, पण सगळे फुकटे. गोपीचंदनं बातमीखाली पैसे पाठवायचा क्यूआर कोडही टाकून पाहिला. लोकांनी नुसते अंगठे दाखवले. शेवटी पैसे दिले ते बाबूलालसेठनं. वर्षभराची जाहिरात.

"जुनी एक बातमी तेवढी काढून टाका," चहा पिता पिता तो म्हणाला होता.

गोपीचंदनं एकदा बोट दाबलं आणि चिंधू दुसऱ्यांदा गेला.

"मोबाइलवर तं दिसत नाई आता," मालनबाई म्हणाली.

"ते... मशीन बिघडली होती, बाई. लय बातम्या उडाल्या."

"अन् कागदाचा?"

"उधई लागली. सारे गठ्ठे खाल्ले तिनं."

"एकबी नाई?"

"एकबी नाई."

"घरी?"

घरी होता. कपाटातल्या फायलीत, एकच. गोपीचंदनं तिच्याकडं न बघता मान हलवली. "कोर्टात दाखवायचा होता का?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "पक्कं नाई ना, भाऊ?"

"पक्कं."

तिनं लांब श्वास सोडला आणि पायऱ्या उतरून गेली. तो उसासा काही केल्या गोपीचंदच्या कानातून जाईना. बाईचं तोंड डोळ्यांपुढून हलेना. रात्री जेवताना घास ताटातच राहिला.

"काहून, काय झालं?" बायकोनं, सरितानं विचारलं.

त्यानं सगळं सांगितलं. सरिता म्हणाली, "आपल्याच दारातून रिकाम्या हातानं पाठवलं तुमी तिले."

दुसऱ्या दिवशी वेबसाइटच्या भाड्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे घेऊन तो भंडाऱ्याच्या छापखान्यात गेला. ते भाडं चुकलं की मोबाइलवरचं 'पांधन' बंद पडणार होतं. पडो. चार पानी अंक निघाला. पहिल्या पानावर चिंधूचा फोटो, तीच बातमी, आणि खाली चौकटीत: 'जाहिरातीपायी ही बातमी आम्ही काढून टाकली होती. आम्हाला लाज वाटते.'

तुमसरच्या बसस्टँडवर, पानठेल्यांवर, नाकाडोंगरीच्या बाजारात त्यानं स्वतःच्या हातानं अंक वाटले. खदानीच्या फाटकावरही दिले. शेवटचा घेऊन तो मालनबाईच्या अंगणात शिरला.

वाचता येत नसलं तरी नवऱ्याचा फोटो तिनं ओळखला.

"कितीक वाटले?"

"सगळे!" बऱ्याच दिवसांनी त्याचा आवाज मोकळा निघाला होता. "माफ करा बाई, मी खोटं बोललो होतो. एक अंक होता घरी."

"भाऊ," ती खालच्या मानेनं म्हणाली, "मले बाबूलालसेठनंच धाडलं होतं तुमच्याकडं. पेपर कोठीच उरला नसन तं विनोदले खदानीच्या आफिसात लावतो म्हणे. आज पहिल्यांदा गेला तो कामावर."