शुक्रवारचं ताट

समुद्रावर माणूस वार विसरतो, म्हणून आमच्या विनाशिकेवर, म्हणजे जपानी नौदलाच्या त्या युद्धनौकेवर, दर शुक्रवारी करी-भात असायचा. धुक्यात तिच्याखाली एका तरुण कोळ्याची होडी चिरडली गेली, तेव्हापासून आमचा आचारी कुरामोची दर शुक्रवारी एक ताट जास्त वाढायचा, बुडालेल्या त्या पोराच्या नावाने. विनाशिका निवृत्त होण्याच्या आदल्या दिवशी शुक्रवारच होता. कप्तानांनी त्या पोराच्या आईला जेवायला बोलावलं. शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढचं ताट पाहून ती थबकली. “लोणचं ताटाबाहेर कुणी काढलं?” कुरामोचीची मान खाली गेली. “कुणीच नाही, आई. मी वाढतो, वळतो, आणि दर वेळी ते बाहेर असतं.” “माझ्या शुन्पेईला लोणच्याचा वासही चालायचा नाही,” ती म्हणाली. “घरी मीही रोज त्याचं पान वाढते. शीतसुद्धा हलत नाही.” मग तिने रिकाम्या खुर्चीला दटावलं, “इतकी वर्षं इथे जेवतोयस होय रे? उद्यापासून इथली चूल बंद. चल घरी.”