उठल्याची खूण

तालमीच्या हौदात आज पुन्हा पाठ उमटली होती.

ग्यानबा दाताळं हातात धरून काठावर उभा राहिला. संध्याकाळी त्यानं स्वतः माती ओढून सारखी केली होती, तालमीला कुलूप घातलं होतं आणि किल्ली करदोट्याला बांधून तो दाराशीच निजला होता. कुलूप जसंच्या तसं होतं. मातीत मात्र दोन खांद्यांचे खळगे होते, मध्ये कण्याचा बारीक वरंबा होता आणि खाली टाचांच्या दोन वाट्या.

आत येणाऱ्या पावलांचा ठसा कुठंच नव्हता. पाडणाऱ्याच्या गुडघ्यांची खूणही नव्हती. चीत झालेला गडी कोपर रोवून उठतो. हौद राखण्यात जन्म गेलेल्या ग्यानबा वस्तादानं पाठीच्या शेजारी कोपराचा खळगा नेहमीच पाहिला होता. इथं तो नव्हता. पडलेला उठलाच नव्हता.

सुरुवातीला ती पाठ कोणाचीही वाटली असती. रोज ती थोडी रुंद होत गेली. आज डाव्या खांद्याचा खळगा उजव्याहून खोल होता. ग्यानबाचा पोरगा रामकिशन लहानपणी चिंचेवरून पडला, तेव्हापासून त्याचं डाव्या खांद्याचं हाड तसंच बाहेर आलेलं होतं. पण रामकिशन तर घरी होता. आईसमोर बसून भाकर खाताना ग्यानबा त्याला आताच पाहून आला होता.

ग्यानबानं घाईनं दाताळं फिरवून पाठ मोडली. सकाळच्या गारव्यात माती हाताला कोमट लागली, कोणी नुकतंच सोडलेल्या अंथरुणासारखी.

हिंगोलीचा व्यापारी पुनमचंद तुर्कस्तान, जर्मनी आणि विलायतेचे पैलवान आणणार होता. ज्या गावाचा हौद पसंत पडेल, त्या गावाला कुस्त्यांची दंगल. तेव्हापासून गावं इरेला पेटली होती. डोंगरकडा गावानं येणाऱ्या प्रत्येक बैलाला कडबा कबूल केला. पुसेगावानं विहीर खोदली. ग्यानबाच्या गावच्या, साखऱ्याच्या उकंडराव पाटलांनी, गोरे लोक खाली बसत नसतात म्हणून, साऱ्या गावच्या बाजा गोळा करून त्यांचे पाय उंच करून घेतले.

पण खरी अडचण मातीची होती. काळ्या रानाची माती ओली झाली की चिकटते आणि वाळली की दगड होते. ग्यानबानं माती आणली ती उजाड पांढरीवरून, जुन्या गावठाणातून. मानमोडीच्या साथीत तिथली वस्ती ओस पडली होती. उचलायला माणूस उरला नाही, म्हणून घरं आतल्या निजलेल्यांवरच बसली होती. ते त्याला ठाऊक होतं. तरी पिठासारखी मऊ ती माती ताकात, हळदीत, तेलात कालवताना त्याच्या मनात एकच होतं, की आता पुसेगाव हरलं. ज्या गावात दंगल, त्या गावचा गडी पहिली कुस्ती करणार होता. साखऱ्याचा गडी म्हणजे रामकिशन.

ऊन वर आल्यावर पुनमचंद आला. त्यानं मनगटापर्यंत हात मातीत घातला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही.

"पाटील, बाकीची गावं कशाला बघू? अशी माती मुलखात न्हाई."

पाटील खुलले. तेवढ्यात मागून ग्यानबा म्हणाला, "शेटजी, दंगल पुसेगावला द्या."

सगळे त्याच्याकडं वळले. पुसेगावानं जेवायला काय घातलं, असं पाटलांनी विचारलं आणि लोक हसले. आपल्या विहिरीचं पाणी एवढ्या माणसांना पुरायचं नाही, असं ग्यानबानं सांगितलं. पाणी पुरलं असतं, हे गावाला माहीत होतं. खरं बोलावं तर दाखवायला काही नव्हतं. पाठ त्यानं सकाळीच मोडली होती.

रामकिशन हसला नाही.

"बा, मी पडन असं वाटून राहिलं का तुमाला?"

ग्यानबानं हौदाकडं पाहिलं. नुसतं 'न्हाई' म्हणायचं होतं. तो दाताळ्याच्या दातांतली माती खरवडत राहिला.

पुनमचंदनं हात झटकले. "वस्तादच नको म्हणते, तिथं तकलीफ काहून घ्या? दंगल पुसेगावला. पर माती हीच पाहिजे."

पाटलांचा चेहरा उतरला होता, पण त्यांनीही एक अट घातली. माती साखऱ्याची, तर पहिली कुस्तीही साखऱ्याच्या गड्याची. पुनमचंदनं मान डोलावली.

दुपारी पुसेगावच्या गाड्या आल्या. ग्यानबा तालमीच्या दारात आडवा उभा राहिला. माती नेऊ नका, एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत होता. पाटलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सरका वस्ताद. गावाची उरलीसुरली अब्रू या मातीतच हाय, ती तरी पोचू द्या."

फावडी चालली. हौद खालच्या मुरमापर्यंत रिकामा झाला. दंगलीपर्यंत तिच्यावर मेहनत करता यावी म्हणून रामकिशन तिच्यासोबतच निघाला. बापाकडं पाठ करून तो शेवटच्या गाडीवर चढला. ऊन लागतं म्हणून त्यानं तोंडावर पंचा ओढला आणि दोन्ही हात पसरून तो मातीवर उताणा झाला. माती दबली. डाव्या खांद्याखाली जरा जास्त दबली.

"कुशीवर नीज रे," ग्यानबा ओरडला.

गाडीवान हसला. रामकिशन हलला नाही. बैल चालू लागले.

ग्यानबा गाडीमागं वेशीपर्यंत आला, मग वेशीच्याही पुढं. तो पोराच्या तोंडाकडं पाहत नव्हता. कोपर मातीत कधी रुततं, याकडं त्याची नजर होती.