कानतुटका कप

"जुन्याचं सोनं केलंस गं, शैला!" बाग न्याहाळत बाईसाहेब म्हणाल्या. गंजक्या बंबात जास्वंद, फुटक्या घागरीत सदाफुली.

शैलाची आई वीस वर्षं त्यांच्याकडे धुणीभांडी करायची. तिचा चहाचा कप वेगळा, मागच्या दाराबाहेरच्या कोनाड्यातला. काम सोडताना तिनं तेवढाच घरी आणला होता.

चहा आला. शैलानं कठड्यावरच्या कानतुटक्या कपातलं चिनी गुलाबाचं रोप उपटलं, कप धुतला आणि त्यात बाईसाहेबांचा चहा ओतला.

कप ओळखताच बाईसाहेबांचा चेहरा उतरला. पण बाग बघायला आलेलं अख्खं महिला मंडळ समोर बसलं होतं. त्यांनी मुकाट्यानं चहा संपवला.

त्या उठल्या, तशी शैला आईनं रोज ऐकलेलं वाक्य शांतपणे म्हणाली, "कप विसळून पालथा घाल. बाकी कशाला शिवू नकोस."